मरणाची सवय होत नाही

"त्यांना काय, त्यांचं रोजचंच आहे!"

रुग्णालयातल्या परिचारिकेविषयी हे वाक्य आपल्याकडे अगदी सहज बोलले जाते. एखादा रुग्ण दगावतो. नातेवाईक टाहो फोडतात. त्याच वेळी सिस्टर मात्र शांतपणे सलाईनची सुई काढत असते, कागदावर वेळ लिहीत असते. पाहणाऱ्याला वाटते, हिच्या काळजाचा दगड झाला असावा. रोज मरण पाहून हिला मरणाची सवयच झाली असावी.

हा समज तपासून पाहिला पाहिजे. कारण ही सिस्टर कुणी परकी बाई नाही. आपल्याच चाळीतली, आपल्याच वस्तीतली मुलगी बारावीनंतर नर्सिंगला जाते. आईबाप पोटाला चिमटा घेऊन तिची फी भरतात. गणवेशातला तिचा फोटो भिंतीवर लागतो तेव्हा घराची मान ताठ होते. तिचा पगार किती, पाळी कोणती, कायम कधी होणार, याची सगळे चौकशी करतात. पण ज्या दिवशी तिच्या डोळ्यांदेखत माणूस गेला, त्या दिवशी तिच्या मनाचे काय झाले, हे विचारणारे घर विरळाच.

या प्रश्नाचा अभ्यास जगात गेली साठ-पासष्ट वर्षे चालू आहे. त्यातून निघणारी गोष्ट साधी आहे. मरणाची सवय होत नाही. सवय होते ती दुःख गिळून टाकण्याची. या दोन गोष्टींतला फरक रुग्णालयाला आणि घराला कळला नाही, तर चांगल्यातली चांगली परिचारिका आतून पोखरली जाते.

एका पाळीत काय घडते

अतिदक्षता विभाग, म्हणजे आपण ज्याला आयसीयू म्हणतो, तिथले काम साध्या वॉर्डापेक्षा निराळे असते. तिथला रुग्ण बहुधा बोलू शकत नाही. त्याच्या घशात श्वासाची नळी असते. तासातासाला त्याची नाडी, रक्तदाब, लघवीचे माप घ्यायचे. नळीतला कफ ओढून काढायचा. कूस बदलायची, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. डोळे पुसायचे, तोंड स्वच्छ करायचे. औषधांच्या पंपांवर लक्ष ठेवायचे. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका असावी असा दंडक आहे. आपल्याकडे अनेक ठिकाणी एकीकडे दोन-दोन, तीन-तीन रुग्ण असतात.

डॉक्टर फेरीला येतात, सूचना देतात, पुढे जातात. परिचारिका मात्र आठ-आठ, बारा-बारा तास त्याच खाटेपाशी असते. रुग्णाच्या बायकोने दाराशी येऊन काय विचारले, मुलगी कोणत्या गावाहून निघाली आहे, हे तिला ठाऊक असते. न बोलणाऱ्या माणसाशीही ती बोलत असते. "काका, आता सुई टोचते हं," असे सांगितल्याशिवाय चांगली सिस्टर सुई टोचत नाही.

आणि असा माणूस जातो. भारतातल्या १२० अतिदक्षता विभागांमधल्या ४,२०९ रुग्णांची पाहणी २०१०-११ साली झाली होती. त्यात सुमारे १८ टक्के रुग्ण दगावले. म्हणजे पाच-सहा रुग्णांमागे एक. दारावर नोटीस लागत नाही, पण त्या विभागात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक परिचारिकेला हे माहीत असते.

मृत्यूनंतरचा तास तर पूर्णपणे तिचाच. मॉनिटरचा आवाज बंद करायचा. नळ्या काढायच्या. देह पुसून स्वच्छ करायचा, डोळे मिटायचे, हनुवटी बांधायची, ओळखपट्टी लावायची. अंगावरचे दागिने नातेवाइकांसमोर मोजून सही घ्यायची. रजिस्टर भरायचे. वॉर्डबॉय देह घेऊन गेला की मावशी खाट धुते, चादर बदलते. तेवढ्यात खालून फोन येतो की नवा पेशंट वर येतोय. ज्या खाटेवर आत्ता एक आयुष्य संपले, त्याच खाटेवर तासाभरात दुसऱ्याला वाचवायची धावपळ सुरू होते. मग या सिस्टरने रडायचे कधी?

हा विभाग जन्माला आला तेव्हापासून

अतिदक्षता विभागाचा जन्मच मुळी एका साथीत झाला. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओने थैमान घातले. श्वासाचे स्नायू लुळे पडून मुले गुदमरून मरू लागली. तेव्हा ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून, नळी घालून, रबरी पिशवी हाताने दाबत तिला श्वास दिला. ती वाचली. मग सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून रात्रंदिवस पिशव्या दाबल्या. ज्या रुग्णांतले दहापैकी आठ-नऊ मरत होते, त्यांतले निम्म्याहून अधिक जगू लागले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उभा केला.

तरीही अनेक मुले गेली, आणि ती पिशवी दाबणाऱ्या तरुण हातांमध्येच गेली. पुढे हाताच्या जागी यंत्र आले, यंत्राच्या जागी अधिक चांगले यंत्र आले. मात्र यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाची विचारपूस करण्याची रीत फार मागे राहिली.

खाटेचा नंबर आणि नाव

मागे कशी राहिली, हे लंडनमधल्या एका अभ्यासात दिसते. इसाबेल मेंझीस या मनोविश्लेषक बाईंनी एका मोठ्या रुग्णालयातल्या परिचारिकांचा अभ्यास करून १९६० साली तो प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की आजार आणि मृत्यू यांची भीती दूर ठेवण्यासाठी रुग्णालयाची सारी कामाची पद्धतच तशी घडली होती. एका परिचारिकेने एकच रुग्ण सांभाळण्याऐवजी तीस जणांचे तेवढे एकेक काम करायचे. रुग्णाला नावाने नव्हे, खाटेच्या नंबराने किंवा बिघडलेल्या अवयवाच्या नावाने ओळखायचे. थोडा जिव्हाळा जडला की दुसऱ्या वॉर्डात बदली. आणि कुणी रडले तर वरिष्ठांचा दटावणीचा सूर.

हेतू एकच, जवळीक होऊ नये आणि त्रास होऊ नये. झाले उलटेच. शिकाऊ परिचारिकांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुली शिक्षण अर्धवट सोडून जात होत्या, आणि ज्यांना रुग्णांविषयी अधिक कळकळ होती अशाही अनेक जणी त्यांत होत्या. माणसापासून तोडून माणसाची सेवा करून घ्यायला गेले, तर सेवा करणारेच निघून जातात, असा या अभ्यासाचा अर्थ.

आज साठ वर्षांनंतरही आपल्या रुग्णालयांतून "सात नंबरचा पेशंट गेला" असे वाक्य ऐकू येते. ते दुष्टपणाने बोललेले नसते. नाव घेतले की चेहरा आठवतो, चेहरा आठवला की हात थांबतो, म्हणून जीभ नंबर घेते.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ऐन आणीबाणीत भावना बाजूला ठेवणे हा परिचारिकेचा दोष नसून तिचे कौशल्य आहे. रुग्णाचे हृदय बंद पडलेले असताना तिचे हात थरथरून चालत नाहीत. तेव्हा ती रडत बसली तर रुग्णाचेच नुकसान. पण बाजूला ठेवलेली गोष्ट नंतर कधी तरी हातात घ्यावी लागते. ती कधीच हातात घेतली नाही, तर ती जात नाही, साठत राहते. बाजूला ठेवणे वेगळे, गाडून टाकणे वेगळे.

कोणते मरण अधिक लागते

सगळीच मरणे सारखी लागत नाहीत. पिकल्या वयाचा माणूस, मुलेबाळे भोवती, वेदना आटोक्यात, असा गेला तर परिचारिकेला वाईट वाटते, पण त्यात एक समाधानही असते की याचे शेवटचे दिवस आपण नीट केले. बाळंतपणात गेलेली आई, अपघातात सापडलेला कमावता मुलगा, आपल्याच लेकराच्या वयाचे पोर, हे मृत्यू खोल जातात. अचानक आलेला मृत्यू खोल जातो. आणि आपल्या हातून काही राहिले का, ही शंका तर रात्रभर झोपू देत नाही.

परंतु सर्वांत जास्त झिजवणारे दुःख आणखी वेगळे आहे. अमेरिकेतले तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमेटन यांनी परिचारिकांच्या नीतिप्रश्नांवरील आपल्या पुस्तकात १९८४ साली त्याला नाव दिले. आपण त्याला नैतिक घुसमट म्हणू. योग्य काय आहे ते कळते, पण संस्थेच्या चौकटीमुळे ते करता येत नाही, अशी ही अवस्था.

उदाहरण आपल्याला परके नाही. रुग्ण बरा होण्याची आशा उरलेली नाही. शरीर थकले आहे. तरी रोज नव्या तपासण्या, नव्या सुया, नव्या नळ्या चालू आहेत. बाहेर त्याच्या मुलाने मंगळसूत्र गहाण ठेवून पैसे आणलेले आहेत, आणि तेही संपत आले आहेत. हे सारे परिचारिकेला दिसते. सुई टोचणारा हात तिचाच असतो. पण "आता पुरे" म्हणायचा अधिकार तिला नसतो, आणि खरे काय ते नातेवाइकांना सांगायचीही तिला मुभा नसते. असा रुग्ण गेला की तिला केवळ दुःख होत नाही, आपण त्याच्या हालात सामील होतो असे वाटते. ही बोच साध्या दुःखापेक्षा लवकर माणसाला मोडते.

आपल्या देशात या बाबतीत कायद्याने काही वाट मोकळी केली आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम उपचार नकोत, असे शुद्धीत असताना लिहून ठेवण्याची मुभा दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली. घरातल्या मोठ्यांनी या विषयावर वेळीच बोलून ठेवले, तर मुलांचा गोंधळ वाचेल, आणि खाटेपाशी उभ्या असलेल्या परिचारिकेचीही घुसमट कमी होईल.

केईएमच्या परिचारिका

परिचारिका रुग्णाशी किती बांधली जाते, याची साक्ष मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाने दिलेली आहे. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच भीषण हल्ला झाला. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या पुन्हा कधी उठल्या नाहीत. पुढची जवळजवळ ४२ वर्षे केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. भरवले, आंघोळ घातली, कूस बदलली. इतकी वर्षे अंथरुणावर असून त्यांच्या पाठीला जखमा होऊ दिल्या नाहीत. सुरुवातीच्या मैत्रिणी निवृत्त झाल्या. नंतर ज्यांनी सांभाळले त्यांतल्या कितीतरी जणी हल्ला झाला तेव्हा जन्मल्याही नव्हत्या.

त्यांचे अन्न थांबवून त्यांना मरण येऊ द्यावे, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली. यातना संपाव्यात, असा त्यामागे विचार होता. केईएमच्या परिचारिकांनी मात्र, ही आमची आहे, आम्ही हिला सांभाळू, अशी भूमिका घेतली. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली आणि परिचारिकांच्या सेवेचा गौरव केला. या प्रश्नाला दोन बाजू आहेत आणि दोन्हीकडे माणुसकी होती. शेवटी १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्याच रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात अरुणाताईंचे निधन झाले. परिचारिका धाय मोकलून रडल्या, आणि रुग्णालयातल्या लोकांनीच त्यांना अखेरचा निरोप दिला.

त्या दिवशी परिचारिकांच्या अश्रूंना कुणी कमकुवतपणा म्हटले नाही. त्यांचे दुःख साऱ्या शहराने मान्य केले. प्रश्न असा आहे की सात नंबरच्या खाटेवरच्या अनोळखी माणसासाठी डोळे भरून आले, तर ते दुःख कोण मान्य करते?

कोरोनाच्या दिवसांत

२०२० आणि २०२१ साली हा प्रश्न फार मोठा झाला. कोरोनाच्या साथीत नातेवाइकांना आत सोडत नव्हते. मरणाऱ्याचा हात धरणारी शेवटची व्यक्ती परिचारिका होती, आणि तीही हातमोजे, चष्मा आणि किटच्या आड. कित्येक जणींनी फोन रुग्णाच्या कानाशी धरला, पलीकडून लेकरांचा आवाज आला, आणि त्या आवाजातच माणूस गेला. एका पाळीत दोन-दोन, तीन-तीन देह बांधावे लागले. घरी आल्यावर आपल्याच मुलाला जवळ घेता येत नव्हते. काही ठिकाणी शेजाऱ्यांनी त्यांना वस्तीत येऊ दिले नाही, हेही विसरता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोरोनाने मृत्यू पावले असावेत.

त्या दिवसांत टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या. साथ ओसरली तशा त्या थांबल्या. ज्यांनी इतकी मरणे पाहिली, त्यांच्या मनात ती अजून आहेत.

मग त्या तग कशा धरतात?

अनुभवी परिचारिका आपापल्या परीने वाटा काढतात. काही जणी गेलेल्या माणसाचा देह स्वच्छ करतानाही त्याच्याशी बोलतात आणि तोच त्यांचा निरोप असतो. काही नातेवाइकांजवळ दोन मिनिटे थांबतात. काही लिननच्या खोलीत जाऊन रडून घेतात, तोंड धुतात आणि परत येतात. पाळी संपल्यावर दोघी-तिघी चहाच्या टपरीवर थांबून बोलतात. एखादी ब्रदर किंवा सिस्टर थट्टेचा आसरा घेते. बाहेरच्याला ती थट्टा कठोर वाटेल, पण तो आतला ताण बाहेर सोडण्याचाच प्रकार असतो. घरी आल्यावर आधी गणवेश बदलून आंघोळ करणे, मगच मुलांना जवळ घेणे, ही अनेकींची रीत केवळ जंतूंसाठी नसते. तो दिवस उंबऱ्याबाहेर ठेवायचा असतो.

पण एकटीने काढलेली वाट पुरत नाही. काही ठिकाणी सर्वांनी मिळून वाट काढली आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातले एक परिचारक जोनाथन बार्टेल्स यांनी एक साधी प्रथा सुरू केली. वाचवण्याचे सारे प्रयत्न संपले आणि मृत्यू जाहीर झाला, की लगेच पांगायचे नाही. सर्वांनी मिनिटभर खाटेभोवती शांत उभे राहायचे. हा माणूस काही वेळापूर्वी जिवंत होता, कुणाचा तरी लाडका होता, आणि आपण सर्वांनी त्याच्यासाठी कष्ट केले, एवढे मनात आणायचे. प्रार्थना नाही, मंत्र नाही, कुणाच्या धर्माला बाधा नाही. या एका मिनिटाला पैसा लागत नाही. ही प्रथा पुढे अनेक देशांतल्या रुग्णालयांनी उचलली.

कॅनडात हॅमिल्टन शहरातल्या सेंट जोसेफ रुग्णालयात डॉक्टर डेबोरा कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली 'तीन इच्छा' नावाचा उपक्रम सुरू केला. मृत्यू अटळ दिसणाऱ्या रुग्णासाठी, त्याला किंवा घरच्यांना विचारून, तीन छोट्या इच्छा पुऱ्या करायच्या. आवडते गाणे लावायचे, घरचे पांघरूण आणायचे, घरच्यांना मोकळेपणाने भेटू द्यायचे. पहिल्या चाळीस रुग्णांचा अनुभव २०१५ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक इच्छांना खर्च नाममात्र होता. फायदा मात्र रुग्ण आणि कुटुंब यांच्याबरोबर डॉक्टर-परिचारिकांनाही झाला. ज्याला वाचवता येत नाही, त्याच्यासाठीही काही तरी करता येते, हे समाधान त्यांना मिळाले.

बोस्टनचे एक वकील केनेथ श्वार्ट्झ १९९५ साली फुफ्फुसाच्या कर्करोगाने वारले. आजारपणात परिचारिकांनी दाखवलेल्या जिव्हाळ्याने त्यांना बळ दिले होते. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या संस्थेने १९९७ पासून रुग्णालयांत बैठका सुरू केल्या. डॉक्टरपासून वॉर्डबॉयपर्यंत सारे तासभर एकत्र बसतात. औषधोपचाराची चर्चा करत नाहीत, आपल्याला काय वाटले ते बोलतात. मोठा सर्जन जेव्हा सर्वांसमोर सांगतो की त्या रात्री मलाही झोप आली नाही, तेव्हा नव्या सिस्टरला कळते की आपण एकट्या नाही, आणि आपण दुबळ्याही नाही.

करुणा थकवते का?

जास्त माया लावू नकोस, त्रास होईल, असा सल्ला नव्या मुलींना हमखास मिळतो. या सल्ल्याची परीक्षा शास्त्रज्ञांनी घेतली. मेंदूच्या अभ्यासक टानिया सिंगर यांनी मॅथ्यू रिकार या बौद्ध भिक्खूंना मेंदूची चित्रे घेणाऱ्या यंत्रात झोपवले. रिकार हे भिक्खू होण्यापूर्वी पॅरिसमध्ये जीवशास्त्राचे संशोधक होते. दुसऱ्याचे दुःख जसेच्या तसे स्वतःवर ओढून घ्या, असे सांगितले, तेव्हा थोड्याच वेळात ते थकून गेले. मग त्यांनी करुणेचे ध्यान केले, म्हणजे याचे दुःख कमी व्हावे ही मनापासूनची इच्छा धरली. तेव्हा थकवा उतरला. पुढे स्वयंसेवकांना शिकवूनही हाच फरक दिसला. सहवेदनेच्या सरावाने त्यांचा ताण वाढला, करुणेच्या सरावाने तो कमी झाला.

आपल्या पाली परंपरेला हा फरक जुना आहे. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्खा या चार ब्रह्मविहारांची चर्चा करताना आचार्य बुद्धघोषांनी विशुद्धिमार्गात बजावले आहे की करुणेच्या वेषात शोक येऊ शकतो आणि उपेक्खेच्या वेषात बेफिकिरी येऊ शकते. म्हणून दोघांना ओळखायला शिका. मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष. पालीतली उपेक्खा म्हणजे मनाचा तोल. परिचारिकेला हवा असतो तो हा तोल. लोकांना तिच्या चेहऱ्यावर जो दगड दिसतो, तो पुष्कळदा हा कष्टाने मिळवलेला तोल असतो. आजारी, घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हातांनी धुतले, ही विनयपिटकातली हकिकत आपल्याला ठाऊक आहे. तिथेही सेवा हात आखडून नव्हती, आणि रडत बसूनही नव्हती.

अर्थात, ध्यान करा आणि सहन करा, असे सांगून रुग्णालयांना सुटता येणार नाही. एकीकडे तीन-तीन व्हेंटिलेटर सोपवायचे, सुट्टी नाकारायची, कंत्राटावर राबवायचे आणि वर मन शांत ठेवायला सांगायचे, हा न्याय नव्हे. पुरेशा परिचारिका नेमणे हाच पहिला मानसिक उपचार आहे.

घराने काय करावे

बाकीचे रुग्णालयावर सोडले, तरी घराच्या हातात पुष्कळ आहे.

ती ड्युटीवरून गप्प आली, तर लगेच कामाला जुंपू नका. चहा द्या, अर्धा तास तिला तिची राहू द्या. "आज फार जड गेलं का?" एवढे विचारा. ती बोलली तर ऐका. मध्येच "सवय होईल", "मनावर घेऊ नको", "नोकरी सोड मग" असे बोलू नका. नाही बोलली तर बळजबरीने बोलते करू नका. धक्क्यानंतर लगेच एकदा बसवून सारे बोलून घेण्याच्या पद्धतीचा उपयोग होत नाही, असे २००२ सालच्या मोठ्या आढाव्यात दिसून आले आहे. तिला हवे तेव्हा, हवे तेवढे बोलू द्या.

रात्रपाळी केलेल्या बाईची दिवसाची झोप ही चैन नव्हे. मुलांना, पाहुण्यांना, टीव्हीच्या आवाजाला थोपवणे हे घरातल्या इतरांचे काम. नवऱ्याने एक वेळचा स्वयंपाक केला, तर त्याची इज्जत जात नाही.

आठवडेच्या आठवडे झोप नाही, तीच दृश्ये पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतात, ड्युटीवर जायची धडकी भरते, कुणाविषयीच काही वाटेनासे झाले आहे, झोपेच्या गोळ्यांची किंवा दारूची गरज लागते, अशी लक्षणे दिसली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. जगण्यात अर्थ नाही असे ती बोलली, तर एक दिवसही थांबू नका. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा फोन क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि फुकट असतो. मनाचा डॉक्टर म्हणजे वेड्यांचा डॉक्टर, ही समजूत आता सोडलीच पाहिजे.

आणि आपले माणूस अतिदक्षता विभागात असेल तेव्हा? दुःखात राग येतो, तो समोर असलेल्या सिस्टरवर निघतो. रुग्णालयात हाणामारी करणे हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधी विचार करा की आपण बाहेर बाकावर बसलो होतो, तेव्हा आत आपल्या माणसाचे तोंड कोण पुसत होते? तिला आपल्या माणसाचे नाव सांगा, तो कोण होता ते सांगा. तो कापडगिरणीत होता, भजन छान म्हणायचा, नातीचा लाडका होता, असे दोन शब्द सांगितले की सात नंबर हा नंबर राहत नाही. आणि सारे संपल्यावर, निघताना जमले तर तिला म्हणा, "सिस्टर, तुम्ही केलंत ते आम्ही पाहिलं."

ती कदाचित मान हलवून दुसऱ्या खाटेकडे वळेल. तिला वेळ नसतो. पण ते वाक्य तिच्याबरोबर घरी जाईल, आणि त्या रात्री तिला त्याची गरज असेल.